हात न मळवता जिओटेक

सिव्हिलच्या मित्रांनो, सबमिशन चार दिवसांवर आलंय आणि तुमची जर्नल कोरी आहे, हे मला ठाऊक आहे. घाबरू नका. जिओटेकच्या, म्हणजे माती-खडक तपासायच्या, लॅबला माती लागते हा जुना गैरसमज आहे. लागते ती मागच्या बॅचची जर्नल.

लिक्विड लिमिट घ्या, म्हणजे किती पाण्याला माती वाहू लागते ते. हौशी मुलं ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून माती चाळतात, पाणी घालून मळतात, कॅसाग्रांडच्या पितळी वाटीत थापतात, मधोमध खाच पाडतात आणि दांडा फिरवत बसतात. वाटी दर फेऱ्याला एक सेंटिमीटर उचलली जाते नि आपटते. खाच तळाशी साधारण १२ मिलिमीटर मिटली की ठोके लिहायचे, नमुना ओव्हनमध्ये टाकायचा, दुसऱ्या दिवशी वजन करायचं. असं चार-पाचदा. मग ग्राफवर २५ ठोक्यांना पाणी किती टक्के, ते वाचायचं. तुम्ही उलट्या बाजूने या. आधी उत्तर, मग सेमी-लॉग कागदावर रेघ, मग रेघेवर बिंदू. एक बिंदू मात्र जरा बाजूला ढकला, सगळे रेघेवर बसले की सरांना संशय येतो. आमच्या बॅचला सगळ्या गटांची माती दशांश चिन्हापर्यंत सारखी निघाली होती. सरांनी सगळ्यांना सही दिली, त्यांनाही घरी जायचं होतं.

प्लॅस्टिक लिमिटला, म्हणजे किती कमी पाण्यापर्यंत माती वळता येते ते बघायला, माती काचेवर वळून ३ मिलिमीटरची शेवई करतात आणि ती नेमकी तिथेच तुटावी लागते. हे काम आजीचं आहे, सोडून द्या.

फ्री स्वेलची चाचणी मात्र टाळायलाच हवी, कारण तिच्यातून काहीतरी कळतं. १० ग्रॅम माती पाण्यात, १० ग्रॅम रॉकेलमध्ये, आणि २४ तास वाट. रॉकेलमध्ये माती गप्प बसते, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक ५० टक्क्यांच्या वर गेला तर पाया जपून घालावा लागतो. पण रॉकेल हल्ली मिळतं कुठे? हे कारण ओरलला चालतं. तसंही आपली काळी माती मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजामुळे फुगते, हे पाठ असलं की पुरे. ती मे महिन्यात किती भेगाळते ते मराठवाड्यातल्या बैलाला विचारा, पण तो एक्स्टर्नल परीक्षक म्हणून येत नाही.

आता साईटवर चला. एसपीटीत, म्हणजे जमिनीत नळी ठोकून तिचा घट्टपणा मोजायच्या चाचणीत, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडायचा, पहिले १५ सेंटिमीटर सोडून द्यायचे, पुढच्या ३० ला लागलेले ठोके म्हणजे एन. हा ७५ चा आकडा पुस्तकात असतो. दुपारी दोन वाजता दोरी ओढणाऱ्या गड्याचा हात जाईल तेवढाच हातोडा वर जातो. त्याला टोकू नका. हातोडा जितका कमी उचलाल तितके ठोके जास्त लागतात, एन फुगतो आणि कागदावर जमीन घट्ट होते. माणूस दमल्याने माती मजबूत होते, असा शोध दुसऱ्या कुठल्या शाखेत लागलेला नाही.

मग खडक. आपल्याकडचा बेसाल्ट झिजताना कांद्यासारखा पापुद्रे सोडतो, आत गोल धोंडा राहतो, भोवती मुरूम. बोअर त्या धोंड्यावर अडला की लगेच फोन करा, ‘साहेब, हार्ड लागला!’ धोंड्याखाली पुन्हा मुरूम आहे का, हे बघायला आणखी काही मीटर जावं लागतं, आणि बिल मीटरवर असतं. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टाही असतो, साहेब लोक त्याला रेड बोल म्हणतात. पाणी लागलं की त्याचा चिखल होतो. सुदैवाने ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर तो बराचसा वाहून जातो आणि बोअरमधून काढलेले नमुने ठेवायच्या कोअर बॉक्समध्ये तेवढा छान काळा दगड उरतो. आरक्यूडीत, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याच्या टक्केवारीत, १० सेंटिमीटरहून लांब तुकडेच धरायचे असतात, त्यामुळे तुकडे नीट जोडून मांडायला हात हलका हवा.

मातीच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या टेरझागीवर दोन मार्कांचा प्रश्न येतोच. मातीवरच्या एकूण दाबातून छिद्रांतल्या पाण्याचा दाब वजा केला की उरतो तो मातीच्या कणांनी पेललेला दाब, आणि मातीची ताकद त्याच्यावर. १९२५ च्या पुस्तकातली गोष्ट. एवढं लिहा आणि पान उलटा. पाण्याचा दाब वाढला तर काय उरतं, या वजाबाकीपाशी रेंगाळू नका. नाहीतर ३० जुलै २०१४ चा माळीण गावचा पाऊस आठवतो. त्या सकाळी डोंगर घरांवर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. सिलॅबसमध्ये माळीण नाही.

अशा तयारीने तुम्ही पास व्हाल, मी झालो. पुढे काळ्या मातीवर एखादा बंगला बांधाल आणि पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघेल. ‘प्लॅस्टरची आहे’ म्हणा. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ती तडकते का ते बघू, असं कोणी म्हणालं तर विषय बदला. मालकाला तिथे मोठं कॅलेंडर टांगायला सांगा. आणि फायनल बिल उन्हाळ्यात मागू नका. ऑगस्टमध्ये जा. तोवर माती पाणी पिऊन फुगलेली असते, भेग बरीचशी मिटलेली असते आणि मालक चहाही देतो.