योयो न शिकता योयोवाले कसे व्हाल

सगळ्यात आधी डोक्यातून हे काढून टाका की योयो यायला पाहिजे. योयो येणं आणि योयोवाला असणं ह्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी चार वर्षं ह्या नादात आहे, रविवारी सकाळी ठाण्यात उपवनच्या कट्ट्यावर आम्ही पाच-सात टाळकी जमतो, आणि माझ्या डोळ्यांनी बघितलंय की ज्याला खरंच येतं तो बाजूला उभा राहून त्याच एका ट्रिकवर तासभर दात-ओठ खात असतो, घामाघूम, वैतागलेला, आणि ज्याला येत नाही त्याच्याभोवती मॉर्निंग वॉकवाले काका गोल करून उभे. आता कोण व्हायचं ते बघा तुमचं तुम्ही.

पहिलं काम खरेदी. घ्याल तर अ‍ॅल्युमिनियमचा घ्या आणि अनरिस्पॉन्सिव्ह घ्या. म्हणजे काय ते पाठ करून ठेवा, काका विचारतात. लहानपणचा प्लास्टिकवाला हिसका दिला की वर यायचा, हा येत नाही, खालीच बेअरिंगवर गरगरत राहतो. वर आणायला बाइंड करावा लागतो, म्हणजे दोरीचा एक वेढा फटीत सरकवायचा, तो आतल्या रबरी पॅडला अडकला की योयो दोरी गुंडाळत सट्‌कन हातात. हे शिकायला बऱ्याच जणांचे दोन-चार दिवस जातात आणि तेवढ्यात बोटं चांगली सडकून निघतात, तर शिकू नका. योयो खाली टाका आणि मरू द्या. तो हळूहळू थांबेपर्यंत त्याच्याकडे असं बघा की बेअरिंगच चेक करताय, मग मान हलवा, "तेल जास्त झालंय" म्हणा, आणि हाताने दोरी गुंडाळायला लागा. ही गुंडाळणी मी एकाला सलग तीन रविवार करताना पाहिलंय. चौथ्या रविवारी लोक त्याला बेअरिंगबद्दल सल्ला विचारत होते, आईशप्पथ.

नवाकोरा माल मात्र घात करतो. रोज खेळणाऱ्याची दोरी काळपट होते, तिला लव सुटते, योयोला फरशीवर आपटून टवके गेलेले असतात, मधल्या बोटावर फासाचा वळ. तुमचं सगळं कसं लग्नातल्या आहेरासारखं चकचकीत. तर दोरी खिडकीच्या ग्रिलवर दोनदा पुसून घ्या (धुळीच्या घोडबंदरला राहत असाल तर एकदाच), योयो जिन्याच्या कठड्याला हलकेच दोन ठिकाणी टेकवा, बोटाला मेडिकलमधली चिकटपट्टी. केंडामावाले (तो जपानी लाकडी खेळ, दोरीला बांधलेला भोकाचा चेंडू उडवून दांड्याच्या खिळ्यावर बसवायचा) तर नव्या चेंडूला पॉलिश पेपर मारतात, रंग खरवडला की वापरलेला दिसतो आणि वर खिळ्यावर जरा बराही बसतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. आपण त्यांच्याकडून शिकलं पाहिजे.

मग ज्ञान. स्पर्धेतले प्रकार पाठ करा: वन ए म्हणजे एक योयो आणि दोरीवरच्या ट्रिका, टू ए म्हणजे दोन हातांत दोन योयो आणि लूप, थ्री ए मध्ये दोन्ही हातांनी दोरीवरच्या, फोर ए मध्ये योयो दोरीपासून सुटा, फाइव्ह ए मध्ये दोरी बोटाला न बांधता टोकाला वजन. एवढं धडाधड बोलता आलं की पुढे हात कुणी बघत नाही. इतिहासात फिलिपिन्समधले शिकारी झाडावर बसून दगडी योयो फेकून शिकार करायचे, ही गोष्ट हमखास सांगा. पुरावा कुणीही मागत नाही, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकलीय. खरी गोष्ट फारच सपक आहे हो, पेद्रो फ्लोरेस नावाचा फिलिपिनो माणूस अमेरिकेत गेला, १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराला योयोचा कारखाना काढला, पुढे धंदा डंकन नावाच्या अमेरिकन धंदेवाल्याकडे गेला. ह्यात झाड नाही, दगड नाही, वाघ नाही. ऐकणार कोण?

आणि नवीन पोरगं दिसलं की सोडू नका, ही तर संधी. दोन-अडीचशेचा प्लास्टिकचा घेऊन येतं, लाजत लाजत वर-खाली करत असतं, त्याला जवळ बोलवून प्रेमाने म्हणायचं, "अजून रिस्पॉन्सिव्हवरच आहेस का रे?" बस. जपानच्या शिंजी साइतोने वर्ल्ड चॅम्पियनशिप्स मारल्या त्या टू ए मध्ये, आणि तिथे रिस्पॉन्सिव्हच लागतो, पण हे त्या पोराला कळेपर्यंत त्याने खेळणं सोडलेलं असेल. फक्त त्याने "दादा, तुम्ही दाखवा ना" म्हटलं तर तयारी असू द्या. आज वारा आहे, दोरी जुनी आहे, बोट दुखतंय, घरी व्हिडिओ आहे तो दाखवतो.

व्हिडिओ! खरी कला इथे. आमच्यात एक येडपट पद्धत आहे, व्हिडिओखाली कितव्या ट्रायला बसलं ते लिहायचं. लोक लिहितातही, "सदतिसावा", "बहुतेक ऐंशीच्या पुढे, मोजणं सोडलं", आणि त्यालाच जास्त शाबासकी मिळते, मला हा प्रकार कधी झेपलाच नाही. तुम्ही सरळ "फर्स्ट ट्राय" ठोका. अर्धी ट्रिक एका थ्रोची, अर्धी दुसऱ्याची, मध्ये योयो अंगठ्यामागे गेला की कट मारायचा, शेवटचा बाइंड तर दाखवायचाच नाही, गाणं मोठ्याने लावायचं. गाणं विसरू नका, कारण मागे कुकर असतो, आणि अर्ध्यात तुटलेली शिट्टी कुठल्याही गृहिणीला बरोबर ऐकू येते.

हे मी एवढं खात्रीने सांगतोय कारण केलंय. गाणं होतं, कट साफ होता, स्वतःलाच दोन मिनिटं खरं वाटलं. उपवनला सगळ्यांना दाखवला, भारी भारी झालं, आणि वर्तकनगरहून एक आठवीतली पोरगी येते तिने मोबाइल हातात घेऊन परत लावला, परत लावला, आणि काहीच टोमणा न मारता, गणित विचारावं तसं विचारलं, "दादा, सुरुवातीला सात दहा झालेत आणि शेवटी आठला पाच कमी, मग मध्ये पाऊण तास योयो फिरतच होता?"

म्हणून शेवटचं आणि सगळ्यात कामाचं. शूटिंगच्या आधी भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवा. मी काढलंय. आता तिथे नुसता खिळा आहे, आणि आई रोज सकाळी ओट्यापाशी उभी राहून त्या खिळ्याकडे बघत विचारते, किती वाजले रे.