ग्रीसचं यादवी युद्ध एका इंग्रज अधिकाऱ्याने लावून दिलं? त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा तपासूया

दुसऱ्या महायुद्धातल्या ग्रीसवर एक लांबलचक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. तो थोडक्यात असा: १९४२ मध्ये क्रिस्टोफर वुडहाउस नावाचा पंचवीस वर्षांचा इंग्रज गुप्तहेर पॅराशूटने ग्रीसच्या डोंगरात उतरला, एकट्याने गोर्गोपोटामोसचा रेल्वे पूल उडवला, जर्मन सेनापती रोमेलची रसद तोडून आफ्रिकेतलं युद्ध फिरवलं, मग सोन्याची नाणी वाटून एकदिलाने लढणाऱ्या ग्रीकांमध्ये फूट पाडली, डाव्यांना एक काडतूससुद्धा दिलं नाही आणि शेवटी अथेन्समध्ये त्यांच्यावर गोळ्या घालायला लावल्या. पुरावा काय, तर पुढे याच माणसाने इराणमध्ये पंतप्रधान मोसादेगचं सरकार पाडलं. आणि खाली ठळक अक्षरात, "फोडा आणि झोडा, जे आपल्याकडे केलं तेच तिथे."

शेवटच्या ओळीमुळेच हा मेसेज आपल्याकडे एवढा पळतोय. इंग्रजांनी ग्रीसमध्ये काही वाईट केलंच नाही असं मी म्हणत नाहीये, केलं, आणि ते कुठे केलं तेही खाली सांगतो. पण दोष भलत्याच माणसावर टाकलाय आणि त्या नादात ग्रीक माणसं त्यांच्याच इतिहासातून गायब झालीत, ते मला खूप खटकतं.

आधी पूल. एकट्याने उडवला हे साफ चूक. वुडहाउस एसओईचा होता, म्हणजे शत्रूच्या मुलखात घातपात घडवणारी संस्था, आणि त्या मोहिमेचा प्रमुखसुद्धा तो नव्हता, प्रमुख होता एडी मायर्स नावाचा इंजिनिअर अधिकारी. एकूण बारा जण उतरले. पुलाला स्फोटकं लावणाऱ्या तुकडीचा म्होरक्या होता न्यूझीलंडचा टॉम बार्न्स. आणि मेसेज लिहिणाऱ्याला ज्याचा पत्ताच नाही तो माणूस म्हणजे इंदर गिल, वडील पंजाबी, आई स्कॉटिश, या मोहिमेसाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला आणि हाच गिल पुढे १९७१ च्या युद्धात आपल्या लष्कराच्या मुख्यालयात मिलिटरी ऑपरेशन्सची धुरा सांभाळत होता. आपल्याकडे ग्रीसवर पोस्ट लिहायची आणि गिलचं नावही घ्यायचं नाही, कमाल आहे.

बरं, बारा जणांनी तरी उडवला का? तेही नाही. ग्रीस तेव्हा जर्मन आणि इटालियन ताब्यात होता, पुलावर इटालियन पहारा होता आणि तो मोडून काढायला माणसं हवी होती, ती दोन संघटनांकडे होती, कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या एलासकडे आणि झेर्वास या पुढाऱ्याच्या बिगरकम्युनिस्ट एदेसकडे. वुडहाउसचं त्या मोहिमेतलं खरं काम इथे आहे, तो ऐन नोव्हेंबरात डोंगर तुडवत पायी पश्चिमेकडे गेला, झेर्वासला गाठलं, त्याला माणसांसकट घेऊन परत आला आणि वाटेत एलासचा आरिस वेलुखिओतिस पण येऊन मिळाला. २५ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पुलाशी साधारण दीडशे लोक होते, एलासचे ८६, एदेसचे ५२ आणि हे बारा. उत्तरेकडच्या टोकावरचा हल्ला अडकला होता, गोळीबार चालूच होता, आणि मायर्सने ते टोक ताब्यात यायची वाट न बघता बार्न्सच्या लोकांना खाली दरीत पाठवलं. तिथे पोचल्यावर कळलं की खांबांच्या लोखंडी गर्डरचा आकार वेगळाच आहे, आधी करून आणलेले स्फोटकांचे ठोकळे बसेनात, म्हणून ते तिथेच अंधारात सुटे करून परत बांधावे लागले आणि वर लढणारे लोक तेवढा वेळ तग धरून राहिले. याला एकट्याचा पराक्रम म्हणणं हा त्या सव्वाशेवर ग्रीकांवर अन्याय आहे. आणि एलास आणि एदेस खांद्याला खांदा लावून लढले अशी मोठी कारवाई ती एवढीच, त्यांना एकत्र आणायला पायपीट केली तो माणूस म्हणजे मेसेजमधला हा "फूट पाडणारा".

रोमेलचा मुद्दा लगेच निकालात निघतो. इजिप्तमधली एल अलामेनची लढाई, जिथे रोमेल हरला, ती नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपली होती, पूल पडला तेव्हा रोमेल आधीच माघारी पळत होता. रेल्वे लाइन साधारण सहा आठवडे बंद राहिली, जर्मन आणि इटालियन लोकांना ग्रीसमध्ये जास्त सैन्य अडकवून ठेवावं लागलं आणि ग्रीकांना कळलं की हे करता येतं, फायदा एवढा, आणि तो कमी नाहीये.

आता मुख्य आरोप, सोनं वाटून फूट पाडली. सोनं वाटलं हे खरंय, सॉव्हरिन नावाची ब्रिटिश सोन्याची नाणी दोन्हीकडे गेली. पण त्यावेळी ग्रीसमध्ये चलनाची काय अवस्था होती बघा, नोव्हेंबर १९४४ मध्ये नवा द्राख्मा, म्हणजे ग्रीक चलन, काढला तेव्हा एका नव्याला जुने पाच हजार कोटी असा दर होता. नोटेला कोणी भाकरी देत नव्हतं. १९४१-४२ च्या दुष्काळात लाखो माणसं उपाशी मेली होती, अशा देशात डोंगरातल्या हजारो बंदूकधाऱ्यांना खायला घालायचं तर एकतर सोनं मोजायचं नाहीतर गरीब गावकऱ्यांचं धान्य ओढून न्यायचं.

आणि ग्रीक "एकदिलाने" कधी होते? पहिल्या महायुद्धात राजा आणि पंतप्रधान वेनिझेलोस यांच्यावरून अख्खा देश उभा चिरला गेला होता. १९३६ मध्ये राजाच्या संमतीने जनरल मेताक्सासची हुकूमशाही आली, कम्युनिस्टांना आक्रोनाफ्प्लियाच्या तुरुंगात कोंबलं आणि १९४१ मध्ये जर्मन आले तेव्हा ते कैदी सोडून न देता सरळ जर्मनांच्या ताब्यात गेले. १ मे १९४४ ला अथेन्सजवळच्या कैसारियानीत जर्मनांनी २०० कम्युनिस्टांना गोळ्या घातल्या, त्यातले बहुतेक हेच. म्हणजे डाव्यांना राजाची भीती का वाटत होती आणि राजावाद्यांना डाव्यांची का, याची मुळं वुडहाउस शाळेत होता तेव्हापासूनची आहेत. हे सगळं खोडून "एका इंग्रजाने नाणी वाटली आणि भोळे ग्रीक भांडले" असं लिहिणं म्हणजे त्यांना अक्कलच नव्हती म्हणण्यासारखं आहे.

१९४३ चा उन्हाळा तर या आरोपाच्या बरोबर उलटा आहे. जुलैमध्ये मायर्स आणि वुडहाउसच्या खटपटीने एलास, एदेस आणि तिसरी, लहान, बिगरकम्युनिस्ट एक्का अशा तिन्ही संघटनांचं संयुक्त मुख्यालय बनलं. मग मायर्सला वाटलं की डोंगरातल्या लोकांना थेट कैरोत, जर्मन आल्यावर देश सोडून गेलेल्या राजाच्या सरकारसमोर बसवूया. त्यासाठी नेराइदा गावाजवळ शत्रूच्या मुलखात गावकऱ्यांना कामाला लावून विमानाची धावपट्टी बांधली, वरून दिसू नये म्हणून तिच्यावर कापलेली झाडं लावली, आणि ऑगस्टमध्ये एका रात्री तिथे डकोटा विमान उतरलं. सहा प्रतिनिधी कैरोला गेले. त्यांची मुख्य मागणी, जनमत घेतल्याशिवाय राजाने परत यायचं नाही. सहाही जण यावर एक होते, एदेसचा पिरोमाग्लू सुद्धा! राजाने नकार दिला, चर्चिल आणि रूझवेल्ट राजाच्या पाठीशी उभे राहिले, प्रतिनिधींना हात हलवत परत पाठवलं आणि मायर्सला ग्रीसमध्ये परत जाऊच दिलं नाही. डोंगरात जे जमवलं होतं ते कैरोत आणि लंडनमध्ये मोडलं, दोष द्यायचाय ना, मग तो या दाराशी द्या.

ऑक्टोबरमध्ये एलासने एदेसवर हल्ला चढवला. मायर्सच्या जागी आता वुडहाउस होता, त्याने पूर्ण हिवाळाभर दोन्हीकडे चर्चा चालू ठेवली आणि २९ फेब्रुवारी १९४४ ला प्लाकाच्या पुलावर युद्धबंदीची सही झाली. भांडण लावणारा माणूस असा महिनोनमहिने बर्फात बसून भांडण मिटवतो का? आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांत एलासच्या लोकांनी एक्काचा कर्नल प्सारोस ठार मारला, आता तेही वुडहाउसच्या खात्यात टाकायचं का?

"एक काडतूससुद्धा दिलं नाही" यात अर्धं खरं आहे. ऑक्टोबर १९४३ नंतर एलासचा शस्त्रपुरवठा तोडला हे खरं. पण त्याआधी विमानांतून एलासलाही माल पडत होता. आणि एलास बळकट झाली ती मुख्यतः इटलीच्या शरणागतीमुळे, पिनेरोलो नावाची इटालियन डिव्हिजन दोस्तांच्या बाजूने आली आणि एलासने ऑक्टोबरात तिलाच निःशस्त्र करून तोफांसकट सगळं घेतलं. उलट १९४४ च्या उन्हाळ्यात चर्चिल एलासकडच्या ब्रिटिश तुकड्या काढून घ्यायला निघाला होता, तेव्हा तसं करू नका म्हणून त्याला समजावणाऱ्यांत वुडहाउस होता.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही पण असायला हवी होती. १९४३ च्या शरदात डोनाल्ड स्टॉट नावाचा न्यूझीलंडचा अधिकारी अथेन्समध्ये जर्मन गुप्त पोलिसांशी बोलणी करत होता. हे खरं घडलं, आणि डाव्यांचा ब्रिटिशांवरचा विश्वास उडायला अशा गोष्टींनी मदत केली. ब्रिटिशांवर टीका करायची तर ही पुराव्यानिशी करा ना.

इराणचं. १९५३ मध्ये मोसादेगला पाडण्याच्या कटात वुडहाउस पुढे होता, त्याने ते स्वतः नंतर लिहिलंय आणि त्याचा दोष त्याच्यावर आहेच, एका देशाची लोकशाही मोडली. पण १९५३ चा गुन्हा १९४३ चा पुरावा कसा होईल? क्रम लावायचाच तर उलटा लावा, ग्रीसमधून तो कम्युनिस्टांची धास्ती घेऊन बाहेर पडला आणि अमेरिकनांना इराणच्या कटात ओढताना त्याने तेलापेक्षा कम्युनिस्टांची भीतीच पुढे केली.

राहिला अथेन्सचा डिसेंबर. तोवर जर्मन निघून गेले होते आणि ब्रिटिश सैन्य अथेन्समध्ये आलं होतं. ३ डिसेंबर १९४४ ला सिंटाग्मा चौकात एआमच्या, म्हणजे एलास ज्या डाव्या आघाडीची फौज होती तिच्या, मोर्चावर गोळीबार केला तो ग्रीक पोलिसांनी, वीसहून जास्त माणसं गेली. ५ तारखेला चर्चिलने ग्रीसमधल्या ब्रिटिश सैन्याचा प्रमुख जनरल स्कोबी याला तार केली की जिंकलेल्या शहरात बंड झाल्यासारखं वागायला कचरू नका. ही तार अक्षम्य आहे असं माझं मत आहे. जे लोक तीन वर्षं नाझींशी लढले त्यांच्या राजधानीला जिंकलेलं शहर म्हणायचं! पण तार चर्चिलची, हुकूम स्कोबीचा, वुडहाउस या साखळीत कुठेच हुकूम देणारा नव्हता.

आणि "आपल्याकडे केलं तेच" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की तिथे आपलीच माणसं होती. चौथी भारतीय डिव्हिजन ग्रीसला पाठवली होती, तिची एक ब्रिगेड अथेन्सच्या बंदराकडच्या, पिरायसच्या लढाईत, एक पात्रासला आणि एक थेस्सालोनिकीला. आता थेस्सालोनिकीचं बघा, तिथेही ब्रिटिश हुकमाखालचं तेच सैन्य, तीच एलास, तोच डिसेंबर, पण तिथला एलासचा सेनापती बाकिर्झिस याने हात आवरला, तिथल्या भारतीय ब्रिगेडनेही छेड काढली नाही आणि अथेन्समध्ये घरोघरी लढाई चालू असताना थेस्सालोनिकीत तसं काही झालं नाही. हा फरक इंग्रजांच्या एकाच कारस्थानाने कसा समजावणार, तो तिथल्या ग्रीक माणसाच्या निर्णयाने पडला.