मायनिंग कंपनीचा शेअर: विट्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

बिटकॉइन मायनिंग कंपन्यांच्या, म्हणजे संगणकी यंत्रे चालवून नवे बिटकॉइन मिळवणाऱ्या कंपन्यांच्या, शेअरविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल प्रथम आभार मानतो. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात सांगतो. आपले घराणे विट्याचे, गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायातले. सोन्याचा भाव दहा टक्के वाढला की सोने खणणाऱ्या कंपनीचा शेअर वीस-पंचवीस टक्के वाढतो, हे आपण पाहिलेले आहे, आणि तोच न्याय बिटकॉइनला लावून आपण अमेरिकेतल्या मायनिंग कंपन्यांचे शेअर घेतले आहेत. भारतात बिटकॉइनवर तीस टक्के कर असताना शेअरवर तो साडेबारा टक्केच लागतो, हा आपला दुसरा मुद्दा. मी या शेअरना ‘फसव्या योजनांच्या रांगेत’ बसवले, असा आपला आक्षेप आहे, आणि सांगलीत बसून नॅस्डॅकवर (अमेरिकेतल्या शेअर बाजारावर) भाष्य करणाऱ्यांनी आपल्या तरुणांना घाबरवू नये, असा शेवटी टोलाही आहे.

फसव्या योजनांचा आक्षेप आधी निकालात काढतो, कारण त्यात वादाला फारशी जागा नाही. मूळ लेखात मी ‘गेनबिटकॉइन’चा उल्लेख केला होता. ‘क्लाउड मायनिंग’च्या (दुसऱ्याची यंत्रे भाड्याने घेऊन मायनिंग करण्याच्या) नावाखाली अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवणारी ती योजना होती, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली आणि पुढे तो तपास सीबीआयकडे गेला. नॅस्डॅकवर नोंदलेली कंपनी ही त्या जातीची नाही, हे त्याच परिच्छेदात मी लिहिले होते. अशा कंपनीचे लेखापरीक्षण होते, दर तिमाहीला तिला अहवाल द्यावा लागतो, आणि ती कोणत्याही परताव्याची हमी देत नाही. माझा आक्षेप कंपन्यांच्या सचोटीवर नसून त्यांच्या धंद्याच्या रचनेवर आहे, आणि सारे कायदेशीर व पारदर्शक असूनही भागधारकाचे भांडवल कसे झिजते, हाच लेखाचा विषय होता.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. भाव वाढला की खाणकंपनीचा नफा त्याहून वेगाने वाढतो, हे गणित बरोबर आहे. एक बिटकॉइन काढायला साठ रुपये खर्च येतो आणि तो शंभराला विकला जातो असे धरू, नफा चाळीस. भाव एकशे तीस झाला की नफा सत्तर होतो, म्हणजे भावातली तीस टक्के वाढ नफ्यात पंचाहत्तर टक्के होऊन उतरते. भाव सत्तरवर आला तर तोच नफा दहावर घसरतो. इथपर्यंत सोने आणि बिटकॉइन यांत काही फरक नाही.

फरक पुढे आहे. सोन्याचा भाव चढला की खाणकंपनी आधी परवडत नसलेले हलक्या प्रतीचे खनिजही काढू लागते आणि उत्पादन वाढवू शकते. बिटकॉइनमध्ये साऱ्या जगाचे एकत्रित उत्पादन आज्ञावलीने बांधलेले आहे. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा) तयार होतो आणि तो तयार करणाऱ्याला ठरावीक बक्षीस मिळते. २००९ मध्ये ते ५० बिटकॉइन होते. दर २,१०,००० ब्लॉकनंतर ते निम्मे होत २०१२ मध्ये २५, २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५ आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ झाले. आज जगभरात मिळून दिवसाला सुमारे ४५० नवे बिटकॉइन निघतात. भाव दुप्पट झाला, यंत्रे दुप्पट झाली, तरी ४५० चे ९०० होत नाहीत, कारण दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, काठिण्य पातळी, म्हणजे ब्लॉक तयार करणे किती अवघड आहे ते, आपोआप बदलते आणि वाढलेली यंत्रशक्ती निष्प्रभ करते.

आपल्या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातल्या वाचकाला हे साखर कारखान्यांवरून चटकन समजेल. कारखान्यांनी गाळप क्षमता वाढवली म्हणून शिवारातला ऊस वाढत नाही. हंगाम आखूड होतो, उसाची पळवापळवी सुरू होते आणि नव्या यंत्रसामग्रीचे कर्ज फेडायला गाळपाचे दिवस अपुरे पडतात. तरी उसाची लागण पुढच्या वर्षी वाढू शकते. इथे दर चार वर्षांनी ऊस निम्मा होणार, हे आधीच लिहून ठेवलेले आहे.

हे नुसते तत्त्व राहू नये म्हणून या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एका कंपनीचे, मॅराथॉन डिजिटलचे (२०२४ पासून मारा होल्डिंग्ज), उदाहरण घेतो. २०२३ मध्ये तिने सुमारे १२,८५० बिटकॉइन काढले. २०२४ मध्ये तिची यंत्रशक्ती दुपटीहून अधिक झाली आणि उत्पादन सुमारे ९,४३० वर आले. क्षमता दुप्पट आणि माल चौथ्या हिश्शाहून अधिक कमी, असा उद्योग मला तरी दुसरा ठाऊक नाही. व्यवस्थापनाचा यात काही दोष नाही. ही यंत्रे घेतली नसती तर घट याहून मोठी झाली असती. स्पर्धेत जागच्या जागी राहण्यासाठीच सतत भांडवल ओतावे लागते, आणि ज्यासाठी ते ओतायचे ती यंत्रेही लवकर जुनी होतात. एकेकाळी सर्वत्र वापरले जाणारे अँटमायनर एस९ दर टेराहॅशला (मायनिंगची आकडेमोड मोजण्याच्या एककाला) शंभर ज्यूलच्या आसपास वीज खात असे. एस२१ ला त्यासाठी १७.५ ज्यूल पुरतात. जुने यंत्र बिघडलेले नसते, व्यवस्थित चालू असते, पण त्याचे वीजबिल त्याच्या कमाईच्या वर जाते आणि ते भंगारात काढावे लागते.

विजेबद्दल आपण विचारले आहे म्हणून एवढेच सांगतो. साडेतीन किलोवॉटचे एक एस२१ दिवसाला ८४ युनिट घेते. युनिटला आठ रुपये दर धरला तर ६७२ रुपये, आणि टेक्सासमध्ये चार सेंटने करार असेल तर तीनशेच्या आसपास. कुपवाड एमआयडीसीत शेड घेऊन हा धंदा करता येईल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. शिवाय मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च आभासी मालमत्तेच्या (बिटकॉइनसारख्या चलनांच्या) उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असे केंद्र सरकारने २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलेले आहे.

यंत्रांसाठी लागणारे हे भांडवल येते कुठून, हा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि आपल्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही. यातल्या अनेक कंपन्या खुल्या बाजारात सतत नवे शेअर विकून तो पैसा उभा करतात. मॅराथॉनचे २०२१ अखेर दहा कोटींच्या आसपास शेअर होते. २०२४ अखेर ते तीस कोटींच्या पुढे गेले होते. त्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये शून्य व्याजाचे परिवर्तनीय रोखे काढले गेले. शून्य व्याज ऐकून हरखून जाऊ नये. व्याजाच्या बदल्यात त्या रोखेधारकांना पुढे शेअर घेण्याचा हक्क दिलेला असतो. कंपनीजवळचे बिटकॉइन दुप्पट झाले आणि शेअर तिप्पट झाले, तर आपल्या एका शेअरमागचे बिटकॉइन दोन-तृतीयांश उरतात. कंपनीच्या पत्रकात मात्र ‘साठा दुप्पट’ असेच छापून येते, आणि ते खोटेही नसते.

याचा परिणाम भावात दिसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन सुमारे ६९,००० डॉलरवर होता. वर्षभरात तो १६,००० च्या आसपास आला, म्हणजे तीन-चतुर्थांशाहून अधिक घसरला. त्याच उतरणीत मॅराथॉनचा शेअर पंचाहत्तरच्या वरून २०२२ अखेर साडेतीन डॉलरच्या खाली गेला. ही घसरण पंचाण्णव टक्क्यांची. यावर आपण म्हणाल की पडताना जास्त पडतो तसा चढतानाही जास्त चढतो. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने प्रथमच एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, आपल्या जुन्या उच्चांकाच्या जवळजवळ दीडपट झाला. तेव्हा हा शेअर नोव्हेंबर २०२१ च्या आपल्या पातळीच्या निम्म्यावरही पोहोचलेला नव्हता. २०२२ अखेरीच्या तळाला ज्यांनी तो घेतला त्यांचे कित्येक पटींनी भले झाले, हे मान्य आहे. पण तळ ओळखण्याचे कसब ज्याच्याकडे आहे त्याला माझ्या लेखाची गरज नाही. जो बिटकॉइनवर दीर्घकाळ विश्वास ठेवून शेअर धरून बसला, त्याचा बिटकॉइनविषयीचा अंदाज खरा ठरला आणि गुंतवणूक तोट्यात राहिली.

गलाईवाल्यांना मी सोन्याबद्दल काय सांगणार? तरी कोलारची आठवण द्यावीशी वाटते. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ती खाण २००१ मध्ये बंद झाली, कारण सोने काढण्याचा खर्च सोन्याच्या किमतीला झेपेना. त्यानंतर सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला. मायनिंगमध्ये असेच डिसेंबर २०२२ मध्ये घडले: कोअर सायंटिफिक या अमेरिकेतल्या फार मोठ्या कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. बिटकॉइन काढण्यात ती कुठेही कमी नव्हती. कर्ज, महागलेली वीज आणि पडलेला भाव यांनी तिला गाठले. जानेवारी २०२४ मध्ये ती पुनर्रचनेतून बाहेर पडून पुन्हा नॅस्डॅकवर आली आणि जुन्या भागधारकांचे सारे काही बुडाले नाही, हेही नमूद करायला हवे.

त्याच कंपनीच्या शेअरची पुढची तेजी आपण माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून दिली आहे. माझ्या दृष्टीने तो पुरावा माझ्याच बाजूचा आहे. जून २०२४ मध्ये कोअर सायंटिफिकने कोअरवीव्ह या कंपनीशी बारा वर्षांचे करार केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकांसाठी आपली जागा व वीज द्यायला सुरुवात केली. बाजाराने भाव दिला तो मोठ्या वीजजोडणीला आणि तयार इमारतींना. रायट प्लॅटफॉर्म्सचे उदाहरण याहून बोलके आहे: ऑगस्ट २०२३ मध्ये टेक्सासच्या उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली असताना यंत्रे थांबवण्याच्या बदल्यात तिला सुमारे ३.१७ कोटी डॉलरच्या वीज सवलती मिळाल्या, आणि त्या महिन्यात तिने काढलेल्या ३३३ बिटकॉइनच्या किमतीपेक्षा ही रक्कम तिपटीहून अधिक होती. (हीच कंपनी ऑक्टोबर २०१७ पर्यंत बायोप्टिक्स नावाने जैवतंत्रज्ञानात होती. बाजारात वारा कुठला आहे हे या मंडळींना चांगले कळते.) डेटा सेंटरच्या जागेवर आणि विजेच्या करारांवर पैसे लावायचे असतील तर त्यात काहीच गैर नाही, मात्र मग त्या धंद्याच्या कसोट्या लावाव्यात, ‘बिटकॉइन वाढणार’ हे कारण देऊ नये.

कराचा आपला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत भक्कम भाग आहे. एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर व वर उपकर लागतो, जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. परदेशी शेअर चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवला तर दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, आणि तोटा नियमांनुसार वजा होतो व आठ वर्षे पुढे नेता येतो. फरक मोठा आहे. पण कर नफ्यावर लागतो. वरच्या उदाहरणातल्या भागधारकाला साडेबारा टक्क्यांचा लाभ घ्यायला नफाच उरला नाही.

शिवाय परदेशी शेअरची स्वतःची काही ओझी आहेत, आणि ती विकणारे ॲप सहसा ठळकपणे सांगत नाही. उदारीकृत प्रेषण योजनेखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा पुरेशी आहे. दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस आधी कापला जातो, तो पुढे करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात प्रत्येक शेअरचा तपशील द्यावा लागतो, आणि तोही कॅलेंडर वर्षाप्रमाणे. काळा पैसा कायद्यात तो न देण्यासाठी दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला आता त्या दंडातून सूट असली तरी तपशील देण्याचे बंधन सुटलेले नाही. आणि गुंतवणूकदाराच्या पश्चात साठ हजार डॉलरवरच्या अमेरिकी मालमत्तेवर तिथला वारसा कर चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावे हे शेअर घेत असाल तर हा शेवटचा मुद्दा त्यांना अवश्य सांगावा.

सांगलीत बसून नॅस्डॅकवर लिहिण्याबद्दल एवढेच म्हणतो, की या कंपन्यांचे तिमाही अहवाल अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि न्यूयॉर्कच्या माणसाला जे पान दिसते तेच विश्रामबागेतही दिसते.

आपण शेवटी विचारले आहे की हातातले शेअर ठेवावेत की विकावेत. तसा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही आणि तो मी देणारही नाही. मात्र आपल्याजवळ ज्या कंपनीचे शेअर आहेत तिच्या गेल्या आठ तिमाहींच्या अहवालांचे पहिले पान काढावे. त्यावर त्या तारखेला किती शेअर अस्तित्वात आहेत हा आकडा छापलेला असतो. त्याच तारखांच्या जवळपास कंपनीकडे किती बिटकॉइन होते आणि किती कर्ज होते, हे शेजारी लिहावे. कर्ज वजा करून एका शेअरमागे किती बिटकॉइन पडतात हे आठही वेळा काढून पाहावे. तो आकडा वाढत आला असेल तर आपल्या कंपनीपुरता माझा आक्षेप मी मागे घेईन, आणि आपण तो तक्ता इथे प्रतिक्रियेत द्यावा, अशी विनंती आहे.