गॅसचं बिल आलं? आधी चहा टाका

पाइप गॅसचं बिल फुगून आलं की चिडू नका. आधण ठेवा, चष्मा लावा आणि अभ्यासाला बसा.

ओट्याखालचा मीटर घनमीटर मोजतो, हे पहिल्यांदा विसरा. सरकार गॅसचा भाव डॉलरमध्ये ठरवतं, तोही एमएमबीटीयूला, म्हणजे उष्णतेच्या मापाने. एक एमएमबीटीयू म्हणजे साधारण 25 ते 28 घनमीटर. भाकरी उलटता उलटता हा हिशेब जमायला हवा.

मग कृतज्ञ व्हायला शिका. महाराष्ट्र सरकारने गॅसवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून थेट 3 टक्क्यांवर आणला. (गॅस अजून जीएसटीत नाही, म्हणून व्हॅट.) आपण पेढे आणायला निघालो, तर त्याच दिवशी केंद्राने देशी गॅसचा मूळ भाव 2.90 डॉलरवरून 6.10 केला. ऑक्टोबरात तो 8.57 झाला. ज्या दिवशी हे दोन्ही घडलं तो दिवस होता 1 एप्रिल 2022. तारखेवरून काही सुचत असेल तर मनातच ठेवा.

पुढच्या एप्रिलात केंद्राने नवं सूत्र आणलं: भाव कच्च्या तेलाच्या 10 टक्के, आणि वर साडेसहा डॉलरचं छत. तेव्हा बिल खरोखर उतरलं होतं, पण असल्या लेखात हे कबूल करायचं नसतं. 2025 मध्ये ते छत पाव डॉलरने वर गेलं, आता दरवर्षी जाणार आहे. सोसायटीचा स्लॅब असा हलला असता तर बिल्डरला कोर्टात खेचला असतात. इथे त्याला धोरण म्हणायचं.

तरीही तक्रार करायचीच असेल तर 2006 च्या कायद्याने खास नेमलेलं नियामक मंडळ आहे. लांब पल्ल्याच्या पाइपलाइनचं भाडं ते ठरवतं. तुमच्याकडून घ्यायचा दर ठरवणं मात्र त्याच्या अधिकारात नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2015 मध्येच सांगितलंय. लग्नघरातल्या आजोबांसारखं आहे हे. पाया सगळे पडतात, देण्याघेण्याचं कोणी विचारत नाही.

शेवटी मीटरचा फोटो पाठवा. काळे आकडे घ्यायचे, लाल (दशांशाचे) सोडायचे. मी एकदा लालही टाइप केले. आलेल्या बिलात अख्ख्या वाडीचं लग्नाचं जेवण उरकलं असतं.

एव्हाना चहा आटला असेल. पुन्हा टाका, मीटर चालूच आहे.