‘दम असेल तर नाव होतंच’ म्हणणाऱ्यांना

जुन्या हिंदी गाण्यांबद्दल एक मजकूर सध्या खूप फिरतोय. गाणी संगीतकारांची, गोव्याचे अरेंजर (गाण्याचा वाद्यमेळ बांधणारे) आणि वादक म्हणजे रोजावर आलेले हात, त्यांनी फक्त नोटेशन उतरवलं. अंगात दम असता तर त्यांचंही नाव झालं असतं. यातलं जवळजवळ काहीच मला पटत नाही.

‘फक्त नोटेशन उतरवलं.’ चाल संगीतकाराची, यात वाद नाही. काहीजण मधले म्युझिक पीसही स्वतःच सुचवत. पण पेटीवर ऐकवलेली चाल म्हणजे रेकॉर्डवरचं गाणं नव्हे. व्हायोलिनं कुठे उचलणार, चेलो खाली काय धरून ठेवणार, हे कुणीतरी बसून लिहावं लागतं, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा. शंकर-जयकिशनकडे हे काम वर्षानुवर्षं सेबेस्टियन डिसोझांनी केलं. त्यांची चार-पाच गाणी हेडफोन लावून ऐका आणि मुद्दाम गायकाकडे दुर्लक्ष करा. आवाजाच्या मागे व्हायोलिनची दुसरीच एक चाल सुरू असते. गायक श्वास घ्यायला थांबला की ती वर येते, त्याने ओळ उचलली की पुन्हा मागे सरकते. हे उतरवणं नाही, रचणं आहे. श्रेयनामावलीत त्याला शब्द मिळाला ‘सहाय्यक’.

रोजावर होते, हे खरं. त्याने कलेची किंमत कशी कमी होते? यातले कितीतरी जण पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात, चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून मुंबईत आले होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर आधारलेल्या रचना त्याच्यासाठी लिहिल्या, आणि लता मंगेशकर, मन्ना डे त्यात गायले.

राहिला ‘दम’. अँथनी गोन्साल्विस हे नाव तर तुम्हा-आम्हा सगळ्यांना पाठ आहे. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधलं ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे गाणं म्हणजे संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला केलेलं वंदन. नाव घरोघर पोचलं, माणूस पोचला नाही. रेडिओवर गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार सांगितले जात, अरेंजर नाही. जे नाव कधी उच्चारलंच गेलं नाही, ते लोकांच्या तोंडी येणार कसं?

अँथनी साठच्या दशकात अमेरिकेला गेले, पुढे माजोर्ड्याला परतले आणि २०१२ मध्ये वारले.