भांडण दोघांचं, पंच चारशे

मित्राशी, बहिणीशी, नवऱ्याशी वाजलं? फोन लावाल तर खबरदार! पाच मिनिटं बोललात तर मिटून जाईल सगळं, मग व्हॉट्सॲप स्टेटसला काय टाकणार?

सुरुवात मोघम करा. काळ्या पार्श्वभूमीवर 'काही माणसं ओळखायला उशीरच होतो', बस. नाव नको. ज्याला टोमणा आहे त्याने तुम्हाला कधीच म्यूट केलेलं असतं; बाकीचे मात्र 'हे मला तर नाही ना?' म्हणून झुरत बसतात. रीड रिसीट्स, म्हणजे वाचल्याच्या निळ्या खुणा, चालू आहेत ना, तेवढं बघा. बंद असल्या तर स्टेटस कोणी पाहिलं ते कळत नाही, आणि तेच कळणार नसेल तर एवढा खटाटोप कशाला?

आता स्क्रीनशॉट. समोरच्याचं 'तू नेहमी असंच करतोस' ठेवायचं आणि त्याआधीचे आपले सात मेसेज वरून कापायचे. 'मेसेज डिलीट केला' अशी आपल्या बाजूची पट्टी दिसत असेल तर तीही उडवा, नाहीतर एखादा चिकित्सक विचारतो त्यात काय होतं म्हणून. वेळही कापा, रात्री दोनला आपणच उकरून काढलं होतं हे जगाला कशाला? नाव खोडायला हायलायटर घ्या. ब्राइटनेस वाढवला की खालचं नाव वाचता येतं आणि आपण 'मी तर खोडलं होतं' म्हणायला मोकळे. डीपी राहू द्या तसाच. हे सगळं झालं की ज्याचा काडीचा संबंध नाही त्याला विचारा, 'पाहिलंस ना? मग काहीच कसं बोलला नाहीस?' काय बोलायचं त्याने? अर्धं चॅट वाचून निकाल द्यायचा? हार्ट दिलं तर तिकडचा तुटतो, नाही दिलं तर इकडचा फुगतो!

पोल घ्या: 'तो चुकला' की 'तोच चुकला'.

समजावणाऱ्याला ब्लॉक करा.

स्टेटस 24 तासांत जातं म्हणून निर्धास्त असता ना? कोणीतरी त्याचाही स्क्रीनशॉट काढून तिकडे पोचवलेला असतो. मग तुमचा समेट होतो. तुम्ही दोघं गोड. पण ज्यांना चिथावलंत ते त्या माणसाकडे अजून वाकड्या नजरेनेच बघतात, त्यांना कोण सांगणार? बदनामी चारचौघांत आणि सॉरी इनबॉक्समध्ये, ही कुठली रीत? जरा लाज वाटू द्या. राग ज्याच्यावर आहे त्याचा नंबर आहे ना तुमच्याकडे? लावा त्याला. नाही उचलला तर भेटायला जा. आणि आम्हाला टॅग करू नका.