‘म्हाताऱ्यांना कामाला जुंपलंत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मोडी लिपीतले जुने कागद वाचायच्या आमच्या प्रकल्पात सत्तरी-ऐंशीतले मदतनीस आहेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: म्हाताऱ्या माणसांना फुकट राबवता, त्यांना धड दिसत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या हातचं काम जातं.

फुकटाचा मुद्दा बरोबर आहे. पहिले काही महिने आम्ही चहा दिला आणि शेवटी शाल-श्रीफळ. ती आमची चूक. सत्कार म्हणजे मोबदला नव्हे. आता विद्यार्थ्यांना ताशी जेवढं मानधन, तेवढंच त्यांनाही. ‘कशाला, कशाला’ म्हणणाऱ्यांनाही आम्ही ते घ्यायला लावतो.

बाकीचं मात्र मला पटत नाही. आमची एक विद्यार्थिनी गावचा जमाखर्च वाचत होती. मोडी अक्षर तिला छान लागतं. तीन रकमा तिनं टंकल्या: ५, ३, २. बेरीज १०, कागदावर ११. दोन दिवस ती फाटक्या कडेला चौथी रक्कम शोधत होती. तात्यांनी (तलाठी म्हणून निवृत्त, वय ८१) कागद जवळ ओढला आणि मोठ्यानं वाचलं, “पावणेसहा, सव्वातीन, अडीच. साडेअकरा.” ५॥।, ३।, २॥, बेरीज ११॥. आकड्यांपुढच्या उभ्या रेघा तिनं दंड (विरामचिन्ह) समजून सोडल्या होत्या. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. तात्या पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊणचे पाढे) घोकलेले. एप्रिल १९५७ मध्ये दशमान पद्धतीचे नवे पैसे आले तेव्हा ते शाळेत होते. तिला हे कुणी शिकवलंच नव्हतं, तिचा काय दोष?

तात्यांना बारीक अक्षर दिसत नाही, खरंय. म्हणून स्कॅन मोठे करून छापतो. चुका त्यांच्याही होतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहिलेले नाहीत. एकदा त्यांनी ओळखीच्या गावाचं नाव भलत्याच गावाला लावलं. म्हणून प्रत्येक कागद दोघं वेगवेगळा वाचतात, मग ताडून बघतात. एक तरुण, एक वयस्क. कुणाचं काम जात नाही.

आणि वयाचंच म्हणाल, तर पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी साठी ओलांडल्यावर संपादित केले.

ती विद्यार्थिनी सध्या तात्यांसमोर पावकी म्हणून दाखवते. परिशिष्टात हिशेबांच्या वाचनाखाली दोघांचीही नावं जातील. तात्यांचं आधी घाला, असा तिचा आग्रह आहे.